शून्याच्या आधी, १०३६ च्या पुढे: ऱ्हाइनकाठचे ४४ दिवस

आधीच सांगून टाकते. आम्ही ऱ्हाइन नदी उगमापासून समुद्रापर्यंत केली, पण सगळी सायकलवरून केली नाही. सायकलवर झाले ७९० किलोमीटर. बाकी पायी, आगगाडीने आणि थोडं बोटीने. हे लपवायचं काही कारण नाही, कारण ‘आपल्याला जमेल का’ म्हणून अडून बसलेल्या बायकांसाठीच हे लिहितेय.

आम्ही म्हणजे मी, वय ६१, पोस्टातून निवृत्त, आणि माझ्या नणंदबाई, वय ६३. त्यांना मी ताईच म्हणते. ताई पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून लागल्या आणि आरेखक म्हणून निवृत्त झाल्या. मार्च २०२४ मध्ये वाईच्या घाटावर बसलो होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, “बत्तीस वर्षं नद्या काढल्या गं मी. सगळ्या कागदावर. एकीचंही दुसरं टोक बघितलं नाही.” समोर कृष्णा वाहत होती. तिचा उगम आमच्या डोक्यावर महाबळेश्वरला, आणि समुद्र कुठे तर आंध्रात. मी म्हटलं, मग कृष्णाच करू. पण कृष्णेच्या काठाने सलग रस्ता नाही, मुक्कामाची सोय नाही, आणि आमच्या वयात हायवेच्या कडेने ट्रक चुकवत जाणं म्हणजे आत्महत्याच. ऱ्हाइनच्या काठाने मात्र उगमापासून समुद्रापर्यंत पाट्या लावलेला सायकलमार्ग आहे (युरोव्हेलो १५), बराचसा सपाट, आणि दमलं तर शेजारीच रेल्वे. शिवाय ताईंचा मुलगा श्टुटगार्टला नोकरीला. तिथे जायचंच होतं.

नदीची लांबी शोधायला बसले तर कुठे १३२०, कुठे १२३० किलोमीटर. मला वाटलं आपलंच काही चुकतंय. मग कळलं की जुन्या कोशांमध्ये १२३० चे आकडे उलटसुलट होऊन १३२० झाले आणि पुढची कित्येक वर्षं सगळ्यांनी तेच उतरवून घेतलं. ब्रूनो क्रेमर नावाच्या कोलोनच्या जीवशास्त्रज्ञाने २०१० मध्ये ते उघडकीला आणलं. ताईंना यात काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. “आमच्या खात्यात नकाशावरून नकाशा निघायचा. पहिल्यात चूक असली की ती वंशपरंपरेने चालायची.”

आता कागदपत्रं. मार्ग स्वित्झर्लंड, लिख्टेनश्टाईन, जर्मनी, फ्रान्स आणि नेदरलँड्समधून जातो. पाचही शेंगेन या युरोपीय देशांच्या गटात, म्हणजे व्हिसा एकच. पण तो मागायचा कोणाकडे? जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. उतरणार तिथे नव्हे. इथेच बरेच लोक घोळ घालतात. मी रात्री मोजल्या: स्वित्झर्लंड ११, लिख्टेनश्टाईन १, जर्मनी २३, फ्रान्स १, नेदरलँड्स ७. एकूण ४३. म्हणजे अर्ज जर्मनीचा, जरी विमान झुरिकला उतरणार असलं तरी. हा रात्रींचा तक्ता टाइप करून अर्जाला जोडला, आणि पुढे तो तीनदा कामाला आला.

ताईंचा पासपोर्ट नोव्हेंबरमध्ये संपत होता. परत निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू असावा लागतो. त्यामुळे एप्रिलमध्ये आधी नूतनीकरण: दीड हजार रुपये, बोटांचे ठसे, मग पोलीस पडताळणी. पोलीस ठाण्यात ताईंना विचारलं, “आजी, या वयात कुठं?” ताई म्हणाल्या, “नदी मोजायला.” त्यांनी शांतपणे ‘पर्यटन’ लिहिलं.

व्हिसाची वेळ मिळायला दीड महिना गेला. शेवटी १८ जून, पुणे. शुल्क ११ जूनपासून ८० युरोंवरून ९० झालं होतं. एका आठवड्याने माणशी दहा युरो गेले. आयुष्यभर टपालाच्या खिडकीच्या आत बसून लोकांना “फॉर्म पूर्ण भरून आणा” म्हणणारी मी, त्या दिवशी बाहेरच्या बाजूला घाम पुसत उभी होते. फाइलमध्ये होतं: तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेचे तीन महिन्यांचे उतारे, पेन्शनचा कागद, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, निदान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, विमानाचं आरक्षण, ४३ रात्रींच्या मुक्कामांचे कागद. मुक्काम सगळे फुकट रद्द करता येण्याजोगे घेतले होते, पण खरे. खोटी आरक्षणं विकणारे खूप आहेत, त्या वाटेला जाऊ नका. खिडकीतल्या मुलीने माझा विमा परत केला: तो आमच्या निघायच्या दिवशी संपत होता आणि विमान रात्री उशिराचं. तिथेच कोपऱ्यात उभं राहून फोनवर दोन दिवस वाढवून घेतला. तुम्ही आधीच चार दिवस जास्तीचा काढा.

पासपोर्ट ९ जुलैला परत आले. स्टिकरवर वैधतेच्या तारखा लांबच्या आणि ‘दिवस’ या रकान्यात मात्र ४५. मी खुश झाले की आणखी पंधरा दिवस मिळाले. तसं नाही! तारखांमध्ये पंधरा दिवसांची सवड धरलेली असते. राहता येतं ते त्या रकान्यातल्या दिवसांइतकंच, आणि त्यात उतरायचा दिवस आणि निघायचा दिवस दोन्ही मोजतात. आमचे ४४ होत होते. एक दिवस हातात.

उन्हाळाभर रोज सकाळी वाई ते धोम सायकल. सुरुवातीला मेणवलीपर्यंतच जीव जायचा. जुलैपर्यंत रोजचे २५ किलोमीटर अंगवळणी पडले. पसरणी घाट एकदा करून बघितला, चौथ्या वळणावर उतरलो, आणि तेव्हाच ठरवलं की आल्प्समधला उतार-चढाव रेल्वेने.

सामान माणशी नऊ किलो. त्यात मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी. ताईंनी तुपाची बरणी घेतली होती, ती मी निघताना काढून ठेवली. दूध-तुपाचे पदार्थ बाहेरून तिकडे न्यायला मनाई आहे. पेढ्यांचंही तेच. मनाई कळल्यावरही ताई दोन दिवस घुश्शात होत्या.

२७ ऑगस्टला पहाटे झुरिक. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने विचारलंच, “व्हिसा जर्मनीचा आणि इथे कशा?” मी तक्ता पुढे केला. त्याने वरून खाली बोट फिरवलं, शेवटच्या ओळीवर थांबला, मान वर करून आम्हा दोघींकडे बघितलं आणि शिक्का मारला.

अँडरमाटला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाल गाडीने ओबेरआल्प खिंड, उंची २०४४ मीटर. तिथे, समुद्रापासून इतक्या लांब, चक्क एक लाल दीपगृह उभं आहे! ऱ्हाइनच्या मुखाशी हूक व्हान हॉलंडला जे होतं त्याची ही छोटी प्रतिकृती. मूळ दीपगृह आता रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयाच्या धक्क्यावर आहे. तिथून ऱ्हाइनचा उगम मानलेला टोमा तलाव पायी. लोक दीड तासात जातात, आम्हाला सव्वादोन लागले. शेवटी दगडांवरून चढ आहे, काठी हवीच, बूट घोट्यापर्यंतचे हवेत. २३४५ मीटरवर डोंगरांच्या ओंजळीत ठेवल्यासारखा गार, हिरवट तलाव. त्याच्या एका कडेने पाणी दगडांतून निसटतं. ताईंनी त्या धारेच्या दोन्ही काठांवर एकेक पाय ठेवला आणि म्हणाल्या, “आता काढ फोटो. परत असं उभं राहता येणार नाही.”

मला मात्र तिथे एक शंका आली. या तलावाला पाणी देणारे झरे आणखी वर आहेत. पलीकडच्या खोऱ्यातून ‘मागची ऱ्हाइन’ नावाची दुसरी शाखा येते, तिचा उगम वेगळाच. मग हाच उगम कसा? ताई म्हणाल्या, “कुठेतरी टाचणी टोचावी लागते.”

तिथल्या खोऱ्यात रोमान्श भाषा चालते. तलावाचं नाव लाय दा तूमा. सकाळी दुकानात “बियेन दी” म्हटलं की चेहरे खुलतात. खाली दिझेन्टिसच्या मोठ्या मठावरून इलान्झ आणि मग ऱ्हाइनची घळ. हजारो वर्षांपूर्वी फ्लिम्सचा डोंगर कोसळला, आणि त्या ढिगाऱ्यातून नदीने कापत काढलेली ही पांढरी वाट. रेल्वे अगदी पाण्यालगत जाते. सायकलवाल्यांचा रस्ता वरच्या डोंगरातून चढत जातो. आपण गाडी घेतल्याचा पश्चात्ताप झाला नाही. रायखेनाउला दोन ऱ्हाइन एकत्र येतात, एक राखाडी, एक निळसर.

२९ ऑगस्टला कूर शहरात चिन्मय, म्हणजे ताईंचा मुलगा, गाडीच्या मागे दोन सायकली लावून आला. जुन्या, सात गियरच्या, प्रत्येकी २४० युरोंच्या. भाड्याची सायकल एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडायची तर भाडं सायकलच्या किमतीइतकं होतं. जुनी घ्या, शेवटी विका. त्याने चावी दिली, हवा कशी भरायची दाखवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “मामी, आईला नाही म्हणता येत नाही. तुम्हीच थांबवा.” तीन आठवड्यांनी हे आठवलं.

पुढचे काही दिवस सरळ बांधावरून. लिख्टेनश्टाईनमध्ये शिरलो ते लाकडी, छप्पर असलेल्या जुन्या पुलावरून, पुलाच्या मध्यावर सीमा. कोणी काही विचारलं नाही. पर्यटन कार्यालयात हौसेखातर पासपोर्टवर शिक्का मारून देतात. तो वहीत घ्या, पासपोर्टवर नको. पुढचा व्हिसा मागताना उगाच प्रश्न नकोत.

३ सप्टेंबर, कॉन्स्टान्स. बोडन तलाव पार करून ऱ्हाइन इथे पुन्हा नदी होते, आणि इथल्या जुन्या पुलापासून तिचे अधिकृत किलोमीटर सुरू होतात. काठावर मोठ्या अक्षरांच्या पाट्या, दर किलोमीटरला एक, बोटवाल्यांसाठी. शून्य इथे, आणि १०३६ थेट समुद्रात. म्हणजे उगमापासून जे जवळजवळ दोनशे किलोमीटर आलो ते हिशेबातच नाहीत. ताई चिडल्या. “चढ-उतार आम्ही केला आणि शून्य इथे?” पण त्या संध्याकाळी त्यांनी वहीत चार रकाने आखले: तारीख, गाव, पाटीचा आकडा, शेरा. शेवटपर्यंत रोज भरले. वरच्या मोठ्या तलावाबद्दल आणखी एक गंमत: तिथे स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनी यांच्यात सीमारेषा नेमकी कुठून जाते, हे तिन्ही देशांनी मिळून कधी ठरवलेलंच नाही. ताईंनी शेऱ्यात लिहिलं, ‘हद्द अनिश्चित.’

शाफहाउझनचा धबधबा १५० मीटर रुंद आणि २३ मीटर उंच. गर्दी भयंकर, दोन तास पुरे.

लाउफेनबुर्ग मात्र ताईंसाठी तीर्थ ठरलं. गाव नदीच्या दोन्ही काठांवर, अर्धं स्विस, अर्धं जर्मन. २००३ मध्ये इथे नवा पूल बांधताना दोन्ही बाजूंच्या पातळ्या ५४ सेंटिमीटरने जुळेनात. जर्मनी समुद्रसपाटी मोजतो उत्तर समुद्रावरून, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्रावरून. दोन्हींत फरक २७ सेंटिमीटरचा. हे त्यांना माहीत होतं, तशी दुरुस्तीही धरली होती, पण अधिकच्या जागी उणे धरलं, आणि २७ चे झाले ५४. मग जर्मन बाजूचं काम खाली घ्यावं लागलं. ताई पुलाच्या कठड्यावर हात ठेवून बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे एका पाटचारीत असंच झालं होतं. पाणी उलटं आलं. चौकशी सात वर्षं चालली.” त्यांनी दोन्ही टोकांना जाऊन, गुडघ्यावर बसून, पूल डोळ्याच्या रेषेत बघितला. येणारे-जाणारे बघत होते. मी आपली सायकली धरून उभी.

बाझलला दोन दिवस. लोक ऑफिस सुटल्यावर कपडे एका जलरोधक पिशवीत भरतात, पिशवी फुगवून पोटाशी धरतात आणि नदीतून वाहत घरी जातात. आम्ही नुसत्याच बघत बसलो. तरीवर, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या नावेवर, मात्र बसलो. तिला इंजिन नाही, वर ताणलेल्या तारेला बांधलेली असते आणि प्रवाहाच्याच जोरावर पलीकडे जाते. स्वित्झर्लंडमध्ये पैसा पाण्यासारखा गेला: साधी कॉफी पाच फ्रँक, डॉर्मिटरीतला पलंग पन्नासच्या आसपास. युवा वसतिगृहात वयाची अट नाही, आमच्यासारख्या बऱ्याच होत्या. स्वयंपाकघर असलेली निवडा. भाजणीच्या थालीपिठाच्या वासाने एका कोरियन मुलीची ओळख झाली.

बाझलच्या पुढची ऱ्हाइन मला आवडली नाही. योहान टुल्ला नावाच्या अभियंत्याने १८१७ पासून तिची वळणं कापून तिला सरळ करायचं काम सुरू केलं, बाझल ते बिंगनमध्ये तिची लांबी जवळजवळ ८० किलोमीटरनी कमी झाली. पूर थांबले, दलदल गेली, काठची गावं जगली, सगळं खरं. पण बांधावरून तासन्‌तास सरळ रेष. त्यात १२ ते १४ सप्टेंबर थंडीची लाट आणि गार पाऊस. बोटं ब्रेकवर वळेनात. हातमोजे सप्टेंबरमध्येही घ्या, आणि प्लास्टिकच्या पिशव्या मोज्यांवरून चढवा, दिसायला वाईट पण पाय कोरडे. दुसरं म्हणजे रविवारी जर्मनीत दुकानं बंद. ८ तारखेला बाझलमध्ये सीमेपलीकडे जाऊन बंद दुकानाच्या दारातून परत आलो होतो. शनिवारी संध्याकाळीच पाव, चीज, फळं घेऊन ठेवायची.

१५ ला फ्रान्समधलं स्ट्रासबूर्ग. इथे ऱ्हाइनच्या जलवाहतुकीचा मध्यवर्ती आयोग आहे, त्याचं मूळ १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत. आजही चालू असलेली जगातली सर्वांत जुनी आंतरराष्ट्रीय संस्था म्हणे हीच. ताईंनी इमारतीला बाहेरूनच नमस्कार केला. “आपल्याकडे कृष्णा लवाद, इथे हे.” दुसऱ्या दिवशी, १६ सप्टेंबरला, जर्मनीने सगळ्याच जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली, आणि आम्ही नेमक्या त्याच दिवशी पादचारी पुलावरून केल या जर्मन गावात परत येत होतो. पोटात गोळा. कोणी अडवलं नाही, पण पासपोर्ट सायकलच्या पिशवीत नव्हे, कमरेला ठेवा. शेंगेन म्हणजे कधीच विचारणार नाहीत असं नाही.

श्पायरला, पाटी ४००, ताईंचा डावा गुडघा सुजला. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी जेल दिलं आणि बोटाने स्पष्ट दाखवलं: सायकल नाही. रात्री ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “तू पुढे जा. मी चिन्मयकडे जाते. श्टुटगार्ट इथून जवळ आहे.” त्यांना थांबवायचं मला चिन्मयने सांगितलंच होतं. आयती संधी होती. पण त्यांची वही उशाशी होती, चारशेपर्यंत भरलेली. मी म्हटलं, “नणंदेला अर्ध्यावर सोडणारी भावजय असं नाव लावून वाईत फिरू का?” त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी उठून पाहते तर त्या रेल्वेचं वेळापत्रक बघत होत्या, माइन्झच्या दिशेचं.

लुडविग्सहाफेन आणि मानहाइमचा कारखान्यांचा पट्टा तसाही सायकलवर कंटाळवाणा, तो गाडीने गेला. त्या वर्षी महिन्याला ४९ युरोंत देशभरातल्या साध्या गाड्यांचा पास मिळत होता. एकच लक्षात ठेवा, तो आपोआप पुढच्या महिन्यात चालू राहतो. त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द करावा लागतो, आणि सायकलचं तिकीट वेगळं. माइन्झला चार रात्री नुसता आराम. मी एकटीच शहरात फिरून आले.

मग मधली ऱ्हाइन, बिंगन ते कोब्लेन्झ. ज्यासाठी लोक येतात ती हीच: दोन्ही बाजूंना द्राक्षांचे उभे मळे, प्रत्येक वळणावर किल्ला. माइन्झ सोडल्यापासून कोब्लेन्झपर्यंत नदीवर पूल नाही, पलीकडे जायचं तर तरीने. ताईंचा गुडघा सांभाळत आम्ही दिवसाला वीस किलोमीटरच केले, एक टप्पा बोटीने. चित्रांत एक गोष्ट दिसत नाही: दोन्ही काठांवरून मालगाड्या, रात्रभर. खोली मागच्या बाजूची मागा, कानात कापूस ठेवा.

काउब गावात, पाटी ५४६, पाण्याची पातळी मोजायचा मनोरा आहे. ऱ्हाइनवर कोणत्या बोटीत किती माल भरायचा ते इथल्या आकड्यावरून ठरतं, कारण या भागात पात्र सर्वांत उथळ. ऑक्टोबर २०१८ मध्ये आकडा २५ सेंटिमीटरवर आला होता. मी म्हटलं, एवढ्या पाण्यात बोट? ताईंनी मला तिथे काठावर बसवून समजावलं: मोजपट्टीचं शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. शून्य सोयीचं कुठेतरी धरतात, त्याखालीही पाणी असतं. “आमच्या धोमलाही तसंच. लोकांना वाटतं शून्य म्हणजे धरण कोरडं.” समोरून कोळशाने भरलेली एक लांबलचक बोट प्रवाहाविरुद्ध इतकी हळू चालली होती की आमचा चहा संपेपर्यंत ती दिसत होती.

कोब्लेन्झ ५९२, कोलोन ६८८. कोलोननंतर शहरं एकमेकांना चिकटलेली, ड्युसेलडोर्फ आणि ड्युइसबुर्ग खिडकीतूनच बघितले. एमेरिशचा लाल झुलता पूल, आणि तिथून २ ऑक्टोबरला नेदरलँड्स. सीमा म्हणजे गवतातली एक पाटी.

आणि इथे नदी फुटते. पानरडनजवळ दोन-तृतीयांश पाणी डावीकडे जातं, त्या शाखेचं नाव वाल. उरलेलं उजवीकडे, ते पुन्हा फुटतं. मोठी धार समुद्राकडे जाते, पण तिला कोणी ऱ्हाइन म्हणत नाही. किलोमीटरच्या पाट्या मात्र वालच्या काठाने चालूच राहतात. ताई म्हणाल्या, “म्हणजे आकडा एकीकडे गेला आणि नाव दुसरीकडे.” त्या रात्री नायमेगनला आमचं पहिलं खरं भांडण झालं. माझं म्हणणं, पाणी जिथे जातं ती नदी. त्यांचं, नाव जिथे जातं ती.

डच सायकलमार्ग सोपे आहेत: प्रत्येक चौकाला क्रमांक, सकाळी ते हातावर लिहून घ्यायचे आणि नकाशा न उघडता निघायचं. सोपा नाही तो वारा. पश्चिमेकडून थेट छातीवर. एके दिवशी वालच्या बांधावर १८ किलोमीटरना साडेतीन तास लागले. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागलं. समुद्राकडे जाताना वारा तोंडावरच असणार हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून मी सांगते.

किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या बघून जलबसने रॉटरडॅम, सायकली बोटीवर चढवता येतात. पाटीचा आकडा रॉटरडॅममध्ये चार अंकी झाला. संग्रहालयाच्या धक्क्यावर ते मूळ लाल दीपगृह बघितलं. खिंडीतलं चित्र आणि हे शेजारी शेजारी धरून ताईंनी एक फोटो काढून घेतला.

६ ऑक्टोबर, रविवार. मासलांट अडथळा वाटेत लागतो: वादळात समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून नदी बंद करणारी दोन दारं, प्रत्येकी २१० मीटर लांब. बंद कधी करायचं ते संगणक ठरवतो. डिसेंबर २०२३ च्या वादळात ती बंद झाली होती. दुपारी हूक व्हान हॉलंडला पोहोचलो. १०३६ ची पाटी बघायची म्हणून बंदराच्या लांब धक्क्यावर निघालो, पण वाऱ्याने सायकली आडव्या केल्या. अर्ध्यातून परतलो. वाळूत बसलो, मी रडले, ताईंनी मेतकुटाचा डबा काढला. जहाजं एकामागून एक आत येत होती. येताना मेट्रोने, ती आता थेट किनाऱ्यापर्यंत जाते.

खर्च विचारला जाईल म्हणून: माणशी साडेतीन लाखांच्या थोडं वर. त्यात विमान ६४ हजार, मुक्काम सगळ्यांत जास्त. सायकली विकून दीडशे-दीडशे युरो परत आले.

माझ्या मते प्रवास तिथे संपला होता. पण ताई दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच तयार. गाडीने लायडन, आणि तिथून जुन्या ऱ्हाइनच्या काठाने दहाएक किलोमीटर काटवाइक. नाव घेऊन जाणारी धार ती हीच. आपल्या कालव्याएवढी. दोन्ही बाजूंना घरं, घरांच्या पायऱ्यांना बांधलेल्या होड्या, बदकं. समुद्राच्या अलीकडे दरवाजे. भरती होती, ते बंद होते, पाणी नुसतं थांबून राहिलेलं. पलीकडे वाळूची टेकडी आणि समुद्राचा आवाज.

ताईंनी दोन्ही काठांवर पाटी शोधली. मागे पुलापर्यंत जाऊन आल्या. गळ टाकून बसलेल्या एका आजोबांना पाण्याकडे बोट दाखवून विचारलं, “ऱ्हाइन?” ते म्हणाले, “आउडं राइन.” जुनी ऱ्हाइन. ताईंनी वही काढली. तारीख लिहिली, गाव लिहिलं, शेऱ्यात ‘दरवाजे बंद’ लिहिलं, आणि आकड्याच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली, खात्यात रिकाम्या रकान्यात मारतात तशी.